सातव्या कापाची फुंकर

कोलासो बाईंच्या खोलीत फुंकर मारायला बंदी होती. भिंतीवर पाटीच होती, बाईंनी स्वतःच्या हाताने लिहिलेली: ‘फुंकू नये.’ सिगारेट नव्हे, नुसती हवा. चष्म्याची काच फुंकायची नाही, टेबल फुंकायचं नाही. चहा तर त्या खोलीत न्यायचाच नव्हता, पण बाई कँटीनमध्येसुद्धा चहावर फुंकर मारत नसत. कप समोर ठेवून बसायच्या. चहा आपोआप निवायचा. मग चहा गार आहे म्हणून कँटीनवाल्याला बोलायच्या. मी हे सव्वीस वर्षं बघितलं.

मी लेथवाला. सातवी पास, पुढे शाळा नाही. रत्नागिरीकडून आलो, एका वर्कशॉपात लेथ शिकलो आणि सरकारी प्रयोगशाळेत टेंपरवारी लागलो. लेथवाला टूलच्या टोकावरचा कीस फुंकून उडवतो. हे कोणी शिकवत नाही. हात चालतो तसं तोंड चालतं. न्हाव्याला केस झटकू नको म्हणावं, तसं ते. पहिल्या दिवशी बाईंनी मला साध्या पितळेची एक कांडी दिली. म्हणाल्या, “याचे दहा काप काढ. केसाएवढे पातळ. प्रत्येकाचा कीस वेगळ्या बाटलीत.” मी पहिला काप घेतला आणि फुंकलं. बाईंनी लेथ बंद केला.

“काय केलंस?”

“साफ केलं.”

“किती गेलं?”

“काय किती गेलं?”

“वजन. तू उडवलंस, तुला माहीत हवं.”

मला काय माहीत. बाईंनी दुसरी कांडी दिली. तीही मी फुंकली. मग तिसरी. चार दिवस मी तोंडात सुपारी धरून पितळ कापली, तेव्हा कुठे तोंड गप्प बसायला शिकलं. आतल्या खोलीत खरं काम सुरू झालं तेव्हा सुपारीही गेली. तिथे तोंडावर फडकं बांधायचं, हातात रबरी मोजे घालायचे.

काम काय होतं ते सांगतो. मला जेवढं कळलं तेवढंच. चांदीची कांडी घ्यायची, बोटभर. तिचं एक तोंड आरशासारखं घासायचं. त्या तोंडावर दुसऱ्या चांदीचा अगदी पातळ थर चढवायचा. ही दुसरी चांदी किरणं टाकणारी. मग कांडी काचेच्या नळीत बंद करून भट्टीत ठेवायची, कधी आठ दिवस, कधी वीस. वितळू द्यायची नाही, फक्त तापत ठेवायची. भट्टीतून काढली की माझं काम. आधी बाजूची साल काढून टाकायची, कारण तिथून माल कडेकडेने सरकून आलेला असतो. बाई म्हणायच्या, “कडेनं आला तो खोटा. मला सरळ आत गेलेला हवा.” मग तोंडाकडून एकेक काप. पहिला काप पहिल्या बाटलीत, दुसरा दुसऱ्या. बाई प्रत्येक बाटलीचं वजन करायच्या आणि मशीनखाली ठेवायच्या. मशीन किरणं मोजायचं. कुठल्या कापात किती, त्यावरून चांदी किती आत गेली ते कळायचं.

मी विचारलं होतं, “बाई, चांदी चांदीत जाते हे बघून कोणाला काय मिळणार? चांदीची चांदीच राहणार.”

बाईंना हा प्रश्न आवडला. एरवी माझे प्रश्न त्यांना आवडत नसत. बाई उत्तनकडच्या. बापाची मासेमारीची होडी होती. ऑफिसात पुस्तकातलं मराठी बोलायच्या, पण राग आला किंवा मजा वाटली की गावचं तोंडात यायचं. म्हणाल्या, “समुद्रात पानी कुठं जातं, दिसतं तुला? न्हाय दिसत. सगळं पानी सारखं. माझा बाप जाळ्यावर तरंगतात त्या बोया लाल रंगवायचा. बोय वाहत गेली की पानी कुठं गेलं ते कळतं. ही चांदी म्हंजे माझी लाल बोय हाय. बाकीची पण तशीच फिरते, फक्त दिसत न्हाय.”

घट्ट दिसणारी चांदी आत फिरत असते, हे मी त्या दिवशी ऐकलं. घरी सुनंदाला सांगितलं. सुनंदा म्हणजे माझी बायको. तिने आपल्या कानातल्याकडे हात नेऊन विचारलं, “म्हणजे हे पण?” मी म्हटलं, ते गिलीटचं आहे. दोन दिवस बोलली नाही.

बाईंच्या वहीचे नियम होते. पेन्सिल चालायची नाही. “खोडता येतं ते लिहिलं न्हाय.” चुकलं तर त्यावर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. जे बघितलं नाही ते लिहायचं नाही. प्रत्येक पानाच्या खाली दोन सह्या: एक लिहिणाऱ्याची, एक साक्षीदाराची. साक्षीदार बहुतेक वेळा मीच. वर काय लिहिलंय ते मला वाचता येत नसे, इंग्रजी. मी सांगितलं तर म्हणाल्या, “वाचू नकोस. मी करताना तू बघितलंस ना? त्याची सही.”

शेवटी एक कागद यायचा. त्या कागदावरच्या रेघा वर जाव्यात तशा एकमेकींजवळ येत जातात. त्यावर बाई ठिपके मांडायच्या, एका बाटलीचा एक. सगळं नीट झालं असेल तर ठिपके उतरत्या सरळ रेघेत बसायचे. पट्टी लावून बाई रेघ ओढायच्या आणि म्हणायच्या, “बसतंय.” बाईंच्या तोंडून एवढंच कौतुक निघायचं. हसायच्या नाहीत. सव्वीस वर्षांत मी बाईंना हसताना बघितलं नाही.

आता माझी गोष्ट. माझी ऑर्डर यायची होती, कायम होण्याची. सुनंदाला सातवा महिना. आम्ही तेव्हा गोडदेवला एका खोलीत भाड्याने होतो. बाईंची एक मोठी कांडी वीस दिवस भट्टीत राहून बाहेर आली होती आणि मी काप काढत होतो. गरम होत होतं. फडकं मी नाकाखाली ओढलं होतं. सहा काप झाले. सातवा घेतला, टूलच्या टोकावर कीस गोळा झाला, डोक्यात सुनंदाचं चाललं होतं, आणि तोंडाने आपलं काम केलं. फू.

बाई शेजारच्या खोलीत वजन करत होत्या. मी बघितलं तर कीस गायब. कापाचा निम्मा तरी. ट्रे चाळला, चिमट्याने शोधलं. टूलच्या मागच्या खाचेत एक वेटोळं सापडलं, नखाच्या कडेएवढं. उचललं, सातव्या बाटलीत टाकलं. पुढचे काप काढले. बाईंना काही बोललो नाही.

दुसऱ्या दिवशी कोट झटकताना बाहीच्या दुमडीतून कीस खाली पडला. सातव्या कापाचा खरा कीस तो. म्हणजे खाचेतलं वेटोळं सातव्याचं नव्हतं. आधीच्या कुठल्या तरी कापाचं, बहुतेक दुसऱ्याचं, तिथे अडकून राहिलेलं. दुसऱ्या कापात किरणं सातव्याच्या कितीतरी पट. एवढं मला पण कळत होतं. कीस मी नेमाप्रमाणे कचऱ्याच्या लाल डब्यात टाकला. नेम पाळला, म्हणून मनाला थोडं बरं वाटलं. असा मी.

चार दिवसांनी बाईंनी ठिपके मांडले. सहा रेघेत. सातवा रेघेच्या वर, एकटा, कावळ्यासारखा बसलेला. आठवा परत रेघेत.

“शांताराम, सातव्याला काय झालं?”

“काय नाय.”

“नक्की?”

“बाई, मी खोटं बोलीन का?”

बाईंनी माझ्याकडे बघितलं आणि वहीत लिहिलं. एवढं मराठीत लिहिलं, का ते माहीत नाही. बहुतेक मला वाचता यावं म्हणून. ‘सातवा ठिपका रेघेवर नाही. कारण माहीत नाही.’ खाली सही केली. मग वही माझ्याकडे सरकवली. मी साक्षीदार म्हणून सही केली.

पुढे काय झालं ते मी उभा राहून बघितलं. वरचे साहेब आले, कागद बघून म्हणाले, “अरे मॅडम, एक ही तो पॉइंट है. निकाल दो. कौन देखता है?” बाई म्हणाल्या, “मैं देखती हूँ.” साहेब गेले. बाईंनी सगळं पुन्हा केलं. नवी कांडी, पुन्हा वीस दिवस. मी न फुंकता कापलं. सगळे ठिपके रेघेवर. मला वाटलं सुटलो. बाई म्हणाल्या, “ह्यानं तो जुना ठिपका खोटा ठरत न्हाय. तो मना कळला न्हाय, एवढंच.” तिसऱ्यांदा केलं. त्यात वर्ष गेलं. तेवढ्यात परदेशात कोणीतरी तेच काम छापलं. बाईंचं छापून आलं तेव्हा ते जगात दुसरं होतं, आणि त्यातही त्यांनी तो सातवा ठिपका ठेवलाच, खाली टीप देऊन. ऑफिसात लोक त्याला ‘बाईचा कावळा’ म्हणायचे. बाईंच्या तोंडावर म्हणायचे.

त्याच वर्षात मध्ये माझी ऑर्डर आली. मुलगी झाली. बाईंनी बाळंतिणीसाठी सुकट आणि बोंबील पाठवले, उत्तनच्या उन्हात वाळवलेले. सुनंदाने बोंबील भाजता भाजता मला सगळं विचारून घेतलं. तिला माझ्या तोंडावरून कळायचं.

“सांगून टाका हो. बाई काय खाणार आहेत तुम्हाला?”

“ऑर्डर काढून घेतील.”

“बाईंच्या बोंबलाला तोंड उघडतं, मग ह्यालाच बंद कसं?”

पुढे ऑर्डर पक्की झाली, तरी सांगितलं नाही. आता इतके दिवस झाले, आता काय सांगायचं, असं झालं. बाई रिटायर होऊन गावी गेल्या. तीन वर्षांनी मीही झालो. भाईंदर पूर्वेला आम्ही छोटा फ्लॅट घेतला होता. दर नाताळात सुनंदा आणि मी बसने बाईंकडे जायचो. बाई केक द्यायच्या, आपण चहा निवायची वाट बघत बसायच्या, आणि दर वेळी कधीतरी विषय निघायचा. “शांताराम, तो सातवा ठिपका. मना वाटतं कांडीत आत कुठं तरी फट होती. फटीतून पटकन आत गेलं.” एका वर्षी फट, एका वर्षी भट्टीची तार, एका वर्षी बाटलीची काच. मी मान हलवायचो. सुनंदा पदराआडून मला कोपर मारायची. परतीच्या बसमध्ये विचारायची, “सांगितलंत?”

“तू तिथेच होतीस ना.”

“मी भांडी घासायला आत गेले होते तेव्हा.”

“पुढल्या वर्षी.”

“तुमचं तोंड, तुमची फुंकर. मी नाही सांगणार.” आणि तिने खरंच कधी सांगितलं नाही.

मागच्या वर्षी सुनंदाला हॉस्पिटलात ठेवली. पोटाचं होतं. डॉक्टर आधी इंग्रजीत बोलले, मग हिंदीत, मग बोललेच नाहीत. शेवटच्या आठवड्यात ती मुलीची चौकशी करायची, गॅस बंद केला का विचारायची, आणि एका सकाळी म्हणाली, “बाईंना सांगितलंत का?”

“सांगितलं.”

“कधी?”

“काल जाऊन आलो.”

“काय म्हणाल्या?”

“हसल्या,” म्हटलं.

“बाई हसल्या?” तिला पटलं नाही. बाई हसत नाहीत हे तिलाही माहीत होतं.

“थोड्या.”

सुनंदाने डोळे मिटले. पटलं की नाही ते मला कळलं नाही. चौथ्या दिवशी गेली.

तेरावं झालं. बिल्डिंगमधले लोक यायचे. खालच्या मजल्यावरचे गुजराती शेठ म्हणाले, “टाइम लगेगा काका, धीरे धीरे कम हो जाएगा.” मी म्हटलं, हां. मुलगी आपल्या घरी गेली. मी गॅस बंद आहे का ते तीन तीनदा बघायला लागलो. आणि एकच डोक्यात: बायकोला मरताना खोटं सांगितलं. ते खरं करायला एकच जागा होती. मी बस धरली.

बाई पलंगावर होत्या. भाचा डेरिक आणि त्याची बायको बघायचे. बाई वाळल्या होत्या, पण डोळे तेच. सुनंदाचं त्यांना कळलं होतं. म्हणाल्या, “बस. चहा निवतोय.”

मी बसलो नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. फडकं नाकाखाली होतं इथपासून, लाल डब्यापर्यंत. बाई ऐकत होत्या.

“तू फुंकलंस.”

“हो.”

“आणि मी तीस वर्षं फट शोधते.”

“हो बाई.”

मग बाई बोलल्या. पूर्ण गावच्या भाषेत, आणि ते मी इथे लिहिणार नाही. डेरिक आतून धावत आला, त्याला वाटलं बाईंना काही झालं. बाईंनी त्याला कपाटातली जुनी वही काढायला लावली. सरकारी वह्या सरकारकडे. ही बाईंची घरची, त्यात त्या कावळ्याचा कागद आणि टीप स्वतःच्या हाताने उतरवून आणलेली होती.

“वेटोळं केवढं होतं?”

“नखाच्या कडेएवढं.”

“कुठल्या बोटाच्या?”

मी करंगळी दाखवली. बाईंनी ती हातात घेतली, चष्मा वर करून बघितली, मग कागदावर आकडे मांडायला लागल्या. दुसऱ्या कापात किती, सातव्यात किती, करंगळीच्या नखाएवढ्या चांदीचं वजन किती. बराच वेळ लागला. मग पेन खाली ठेवलं.

“बसतंय,” म्हणाल्या.

आणि बाई हसल्या. थोड्या.

मी खाली बसलो. तेव्हा सुनंदाचं सांगितलं. हॉस्पिटलात काय बोललो ते. बाईंनी वही माझ्याकडे सरकवली. “लिही. मराठीत. तू काय केलंस ते.” मी लिहिलं: ‘सातव्या कापाला मी फुंकर मारली. दुसऱ्या कापाचा कीस सातव्या बाटलीत टाकला. बाईंना सांगितलं नाही.’ अक्षर माझं पहिल्यापासून वाईट. तारखेपाशी थांबलो.

“बाई, तारीख दीड महिना आधीची टाकू का? सुनंदा होती तेव्हाची?”

“न्हाय.”

“तिला कोण दाखवणार आहे बाई. माझ्यासाठी.”

“आजचीच टाक. तिला सांगितलंस ते खोटं. ते खोटंच राहील. हे खरं. दोन्ही एका पानावर मावतात.”

मी आजची तारीख टाकली. रडलो. बाईंनी रडू दिलं. चहा पुरता गार झाल्यावर मी म्हटलं, “लोक म्हणतात हळूहळू कमी होईल.”

“लोक वरवर मोजतात. चांदी कुठं कमी होते? आत जाते. वर मोजलं की कमी भरते, एवढंच.” मग पानाखाली बघून म्हणाल्या, “हे अजून कोणाला माहीत होतं?”

“फक्त सुनंदाला.”

“पहिल्यापासून?”

“पहिल्यापासून.”

“आणि तिनं मना सांगितलं न्हाय.”

“माझं तोंड, माझी फुंकर, म्हणायची.”

बाईंनी मान हलवली. “चांगली बाई,” म्हणाल्या. कोणाबद्दल असं बोलताना मी त्यांना ऐकलं नव्हतं. वही उशाशी ठेवून घेतली. मी निघताना म्हणाल्या, “चहा गार होता हां.”

महिन्याभराने बाई गेल्या. मातीला मी गेलो होतो. चर्चमध्ये माणसं खूप होती, जास्त करून कोळणी. नंतर मेणबत्त्या विझवायला एक बाई आली आणि वाकून फुंकायला लागली. माझा हात आपोआप पुढे गेला, मग मागे घेतला. तिथे तो नियम नव्हता.

डेरिकने वही घरी आणून दिली. बाईंनीच सांगून ठेवलं होतं म्हणाला. तो चहा न घेताच गेला. मी खिडकीपाशी बसून ते पान उघडलं.

ठिपका होता तिथेच होता, रेघेच्या वर. बाईंनी तो हलवला नव्हता. खालच्या ‘कारण माहीत नाही’वर एकच रेघ मारलेली, मागचं वाचता येईल अशी. शेजारी लिहिलं होतं: ‘कारण: फुंकर.’ त्याखाली माझं ते तीन ओळींचं वाईट अक्षर, माझी सही, तारीख. आणि पानाच्या तळाशी, साक्षीदाराच्या रेघेवर, बाईंच्या अक्षरात:

‘सुनंदा. सही घेता आली नाही.’

पानावर धूळ होती थोडी. मी तशीच राहू दिली आणि वही मिटली.